‘अर्धाच तास हवंय, ताई’: मराठी मंडळांच्या सांस्कृतिक समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सांस्कृतिक समित्या,
उत्तर अमेरिकेतली सर्व मराठी मंडळं

सप्रेम नमस्कार.

पाडव्याचा कार्यक्रम उरकला की तुमच्या बैठकीत उन्हाळी सहलीचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतं, "यंदा लुआऊ करू या," म्हणजे हवाईयन मेजवानी. मग माझ्या व्हॉट्सॲपवर निरोप येतो. मंडळं वेगळी, गावं वेगळी, मजकूर मात्र ठरलेला: "ताई, तुम्ही ते छोटं गिटार वाजवता ना? अर्धाच तास हवंय. मागे काहीतरी वाजत राहिलं की झालं. मुली गवताचे घागरे घालून येणार आहेत. मानधनाचं बजेट नाही, पण जेवण आहे, आणि चारशे लोक बघतील."

दर वेळी एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहावं म्हटलं. भांडायचं नाहीये. मी तुमच्यातलीच आहे, वर्गणी भरते, संक्रांतीला वाण लुटते, नाटकाच्या वेळी दारावर तिकिटं फाडायला उभी राहते. पण युकुलेले, म्हणजे तुमचं ते ‘छोटं गिटार’, वाजवणं आणि हवाईयन गाणी शिकवणं हे माझं काम आहे, आणि तुमच्या निरोपात त्या कामाचा कुठे पत्ताच नसतो.

आधी कामाचंच सांगते. कॅलिफोर्नियात ज्येष्ठांची निवासस्थानं पुष्कळ आहेत. तिथे दुपारी जेवणानंतर तासभर वाजवायला मला बोलावतात. समोरची निम्मी मंडळी पेंगत असतात, पण जुन्या गाण्याची पहिली ओळ आली की डोळे मिटलेल्या एखाद्या आजींचे ओठ हलायला लागतात. त्या तासाचे सव्वाशे डॉलर मिळतात. सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग असतो, शनिवारी सकाळी मुलांचा. शनिवार-रविवारी सुपाऱ्या: लग्नं, निवृत्तीच्या मेजवान्या, आणि पहिले वाढदिवस. हवाईयन कुटुंबात मुलाचा पहिला वाढदिवस आपल्याकडच्या लग्नाच्या थाटात होतो. हेवर्ड, सॅन लिआन्ड्रो या भागात अशी पुष्कळ घरं आहेत. कुणी गोदामात कामाला, कुणी बस चालवतं. पण वादकाची बिदागी कार्यक्रमाच्या आधी पाकिटात तयार असते, आणि निघताना फॉइलमध्ये बांधलेली दोन ताटं हातात देतात ती निराळी. जेवणाच्या बदल्यात वाजवा, असं त्या घरांतून मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

माझी दोन तासांची बिदागी साडेतीनशे डॉलर. एका मंडळाच्या खजिनदारांनी हा आकडा ऐकून, "दोन तासांचे? एवढे तर डॉक्टर घेतात," असं म्हटलं होतं. म्हणून हिशेब मांडते. दोन तास वाजवायचं म्हणजे तासभर आधी पोचून ध्वनिव्यवस्था लावायची, नंतर ती आवरायची, जाता-येता दीड-दोन तास गाडी चालवायची. पार्कातल्या कार्यक्रमाला नगरपालिका विम्याचं प्रमाणपत्र मागते, दहा लाख डॉलरच्या दायित्वाचं. तो हप्ता माझा. स्वतंत्र काम करणाऱ्याला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही हिस्से, म्हणजे १५.३ टक्के, स्वतःच भरावे लागतात, प्राप्तिकर त्याच्यावर. तारा, पिकअपची बॅटरी, केबली, छोटा ॲम्प्लिफायर, सगळं पदरचं. आणि आरोग्य विमा? तो नवऱ्याच्या नोकरीतून येतो. माझ्या ओळखीचे बहुतेक वादक असेच आहेत. घरात कुणातरी एकाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं, म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात वाद्य राहू शकतं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळ्या सुपाऱ्या एका आठवड्यात रद्द झाल्या. त्यानंतर घरोघरी युकुलेले विकत घेतले गेले आणि झूमवर वर्ग सुरू झाले. झूमवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. सगळ्यांना म्यूट करायचं, मी एकटीनं वाजवायचं, आणि वीस चौकटींमधली बोटं बघून कुणाचं बोट कुठल्या पडद्यावर घसरलंय ते ओळखायचं. त्या काळात डोळ्यांनी सूर तपासायची सवय लागली ती अजून गेलेली नाही.

आता तुमच्या ‘मागे काहीतरी वाजत राहिलं की झालं’बद्दल.

हवाईयन गाण्यांत कडवी छोटी असतात, दोन किंवा चार ओळींची. हुला, म्हणजे हवाईयन नाच, असेल तर प्रत्येक कडवं दोनदा गायचं, कारण नर्तकी तेच हावभाव आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला करते. दोन कडव्यांच्या मध्ये वादक एक छोटं वळण वाजवतो. गाणं सी पट्टीत असेल तर डी सेव्हन, जी सेव्हन आणि परत सी, असे कॉर्ड (स्वरमेळ). याला व्हॅम्प म्हणतात. हवाईयन म्हणून जो ठेका तुमच्या कानात बसलेला आहे तो बहुधा हाच. या दोन मापांत नर्तकी श्वास घेते, आणि तिच्या गुरू किंवा ती स्वतः पुढच्या कडव्याचे पहिले शब्द मोठ्यानं पुकारतात. तो पुकारा वादकासाठी असतो. तो कानावर आला नाही तर मी तिसरं कडवं गात असते आणि तिचे हात चौथं कडवं सांगत असतात. शेवटच्या कडव्यात ‘हाइना’ हा शब्द आला की गाणं संपत आलं हे सगळ्यांना कळतं. म्हणजे वाजवताना माझी नजर पूर्ण वेळ नर्तकीच्या पावलांवर लागते. तुमच्या सहलीत माझ्या आणि तिच्या मधून वडापावची रांग जाते. गेल्या उन्हाळ्यात तर रांगेतले एक काका माझ्या मायक्रोफोनवर हात ठेवून, "कुणाची तरी गाडी लाइट चालू ठेवून उभी आहे," असं सांगून गेले. असो.

खरं तर मला तुमच्याशी बोलायचंय ते या गाण्यांत काय असतं त्याबद्दल, कारण मराठी माणसाला ते सांगायला फार सोपं जावं.

१८७५ मध्ये हवाईच्या राज्यानं अमेरिकेशी करार केला आणि हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली. उसाची लागवड वाढत सुटली, मजूर कमी पडू लागले. चीन, जपान आणि पोर्तुगालच्या बेटांवरून कंत्राटावर माणसं आणली गेली. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेइरा बेटावरून चारशेवर माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. गाव सोडून उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळ्या काय असतात हे बीड-नगरकडच्या माणसाला नव्यानं सांगायला नको. त्या जहाजात मान्युएल नुनिस, ऑगस्तो दिआस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो असे तीन सुतार होते. मळ्यावरचं कंत्राट संपल्यावर ते होनोलुलूत आले, लाकडी सामानाची दुकानं काढली, आणि घरून आणलेल्या चार तारांच्या मशेट आणि पाच तारांच्या रजाँव या वाद्यांवरून एक नवं वाद्य घडवायला लागले. लाकूड वापरलं ते तिथलं, कोआ. हे झाड हवाई सोडून कुठे उगवत नाही.

मी मिरजेची. आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे; त्यांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता घडवायला सुरुवात केली. त्यामुळे सुतारानं वाद्यं घडवायला घेतली यात मला काही नवल वाटलं नाही. नवल पुढचं आहे. राजा कालाकाउआ यानं हे परदेशी, मजुरांचं वाद्य दरबारात आणलं. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली १८३० मध्ये सार्वजनिक हुलावर बंदी आली होती. कालाकाउआनं १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकात हुला पुन्हा उघडपणे करवला, आणि १८८६ मध्ये त्याच्या पन्नाशीच्या सोहळ्यात हुलाबरोबर युकुलेलेही होतं. हवाईतल्या हिलो गावी दर वर्षी ईस्टरनंतर हुलाची जी मोठी स्पर्धा भरते तिचं नाव याच राजावरून आहे.

तुमच्या एका सदस्यांनी माझ्याशी वाद घातला होता: "मुळात वाद्य पोर्तुगीजांचं, मग त्यात हवाईयन काय राहिलं?" त्यांना मी पेटीचं विचारलं. पेटी युरोपातून आली, आकाशवाणीनं तिला १९४० पासून तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, तरी संगीत नाटकाचा पडदा तिच्याशिवाय वर गेल्याचं कुणाच्या आठवणीत आहे का? ते हसले, म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं." वकिलाला बिदागी मागावी लागत नाही, हे मात्र खरं.

कालाकाउआनंतर त्याची बहीण लिलिउओकालानी गादीवर आली. तिचं ‘आलोहा ओए’ तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या लुआऊत ते लागतंच, बहुधा केक कापून झाल्यावर. तिनं ते १८७८ मध्ये, राणी होण्याच्या बरंच आधी लिहिलं. निरोपाचं गाणं आहे. १७ जानेवारी १८९३ रोजी साखर आणि व्यापारात हितसंबंध असलेल्या मूठभर गोऱ्या मंडळींनी, बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या आधारानं, तिचं राज्य उलथवलं. १८९५ मध्ये तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत काही महिने कैदेत ठेवलं. त्या खोलीतही ती गाणी लिहीत राहिली. १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं आपल्यात सामील करून घेतली. १९९३ मध्ये, शंभर वर्षांनी, अमेरिकेच्या संसदेनं ठराव करून माफी मागितली. जमीन परत आली नाही.

राज्य गेल्यावर नव्या सरकारनं राजाच्या बँडमधल्या वादकांकडून निष्ठेची शपथ मागितली. त्यांनी नाकारली. शपथ घेतली नाही तर नोकरी जाईल आणि दगड खायची वेळ येईल, असं त्यांना बजावलं गेलं. त्यांनी आपली कैफियत राणीची सखी एलन प्रेंडरगास्ट हिला सांगितली आणि तिनं त्यावर गाणं लिहिलं. आम्ही दगड खाऊ, आमच्या भूमीचं ते अन्न आम्हाला पुरे आहे, सरकारचे पैसे नकोत, असं त्यात आहे. त्याची चाल मोठी गोड, उड्या मारणारी आहे. भाषा न कळणाऱ्याला ते मेजवानीचं गाणं वाटतं. जुन्या मंडळींत त्यावर नाचत नाहीत. हे गाणं मला एका मंडळाच्या कार्यक्रमात ‘ते जरा पेपी आहे ते’ म्हणून सुचवण्यात आलं होतं, लिंबू-चमच्याच्या शर्यतीसाठी. कुणीतरी यूट्यूबवरून शोधलेलं. सुचवणाऱ्याचा दोष नाही. पण पोवाडा लावून कुणी संगीतखुर्ची खेळलं तर तुम्ही उठून आवाज बंद कराल की नाही?

राज्य गेलं तशी भाषाही गेली. १८९६ च्या कायद्यानं शाळांतून इंग्रजी माध्यम सक्तीचं झालं. हवाईयन बोलल्याबद्दल छड्या खाल्लेली पिढी पुढे आपल्या मुलांशी घरात हवाईयन बोलेनाशी झाली. १९८० च्या आसपास, नीहाऊ हे छोटं बेट सोडलं तर, ती भाषा बोलणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. १९८४ मध्ये पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून पूनाना लेओ नावाच्या बालवाड्या काढल्या; आज त्या भाषेत डॉक्टरेटपर्यंत शिकता येतं. मधल्या काळात भाषा टिकून राहिली त्याचं एक कारण गाणी. घरात इंग्रजी बोलणारी माणसं अंगणात बसून गाताना हवाईयन गात होती. सत्तरच्या दशकात गॅबी पाहिनुई, एडी कामाए यांच्यासारख्या वादकांनी हीच अंगणातली गाणी पुन्हा व्यासपीठावर आणली. कामाए युकुलेलेवर एकेक तार वेगळी छेडून सूर वाजवायचे, आणि गावोगावी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन गाणी गोळा करायचे. रविवारी सकाळी भाड्याच्या वर्गखोल्यांमध्ये मराठी शाळा चालवणाऱ्यांना हे सांगताना मला फार खुलासा करावा लागू नये.

दुसरीकडे अमेरिकेनं या संगीताचं काय केलं तेही बघा. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनात रोज वादन होत असे. लाखो लोकांनी ते ऐकलं आणि युकुलेलेचं वेड पसरलं. पुढच्याच वर्षी पेन्सिल्वेनियाची मार्टिन कंपनी युकुलेले विकायला लागली, आणि न्यू यॉर्कच्या गीतकारांनी हवाई न बघता, अर्थ नसलेली अक्षरं जुळवून ‘हवाईयन’ गाणी पाडायचा कारखाना काढला. गवताचे घागरे हा त्याच खात्यातला माल. मूळ पेहराव वाउके झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचा किंवा पानांचा असे. नारळाच्या करवंट्यांची चोळी तर निव्वळ पर्यटकांसाठी आहे. अॅमेझॉनवरून बारा डॉलरला जो संच तुम्ही मागवता त्यात हवाईचं काहीही नसतं.

होनोलुलूमध्ये सॅम्युएल कामाका यांनी १९१६ मध्ये काढलेला कारखाना आजही त्यांच्याच घरातली माणसं चालवतात. त्यांचं कोआचं वाद्य हजार डॉलरच्या पुढे जातं. शिकायला सुरुवात करणाऱ्याला त्याची गरज नाही. पण खेळण्याच्या दुकानातलं पंचवीस डॉलरचंही नको, त्याच्या खुंट्या सूर धरत नाहीत आणि मूल समजतं की चूक आपलीच आहे.

मुलांवरून आठवलं. वर्गाला येणाऱ्या मराठी पालकांचा पहिला प्रश्न असतो, "यात ग्रेड असतात का?" मी शिकवते त्यात नाहीत. दुसरा, "हे झालं की गिटारला घालता येईल ना?" येईल की. पण याला गिटारची बालवाडी समजून आलेली मुलं तीन महिन्यांत कंटाळतात. सी, एफ, जी सेव्हन हे तीन कॉर्ड आठवड्याभरात येतात हे खरं आहे, आणि तेच या वाद्याचं दुर्दैव आहे, कारण मग सगळ्यांना वाटतं की आलं. (ई मेजर येतो तेव्हा कळतं. तो मोठमोठ्यांना रडवतो.) माझ्याकडे पहिलं गाणं वाजवायच्या आधी ते म्हणायला शिकावं लागतं. शब्द, त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ, कुठल्या बेटावरच्या कुठल्या दरीचं वर्णन आहे ते, आणि गाणं कुणी कुणासाठी केलं ते. ही गाणी बहुतेक कुणाच्या तरी नावाची किंवा कुठल्यातरी ठिकाणाची असतात, आणि पावसाबद्दल बोलता बोलता भलतंच काही सांगत असतात. लावणी ऐकलेल्या माणसाला ही खुबी लगेच कळते. एका आठवीतल्या मुलीला कळली तेव्हा ती इतकी लाजली, की पुढे अर्धा तास तिच्याकडून काही वाजलं नाही.

आणि हो, मी हवाईयन नाही. हे तुम्ही कधी विचारत नाही, विचारायला हवं. माझ्या गुरू हवाईतल्या ओआहू बेटावरच्या आहेत, इकडे येऊन त्यांना आयुष्य झालं. २०२० च्या जनगणनेत दिसलं की निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन आता हवाईबाहेर राहतात. घरांच्या किमती हे त्याचं मोठं कारण. माझ्या गुरूंच्या अंगणात मी आधी काही वर्षं नुसती मागे बसून ठेका धरत होते. मग त्यांनी काही गाणी शिकवली, आणि त्यांतली कुठली बाहेर शिकवायची, कुठली फक्त त्यांच्या घरी गायची, हे स्पष्ट सांगितलं. त्या यादीबाहेर मी जात नाही. तुमच्या कार्यक्रमाला हवाईयन वादक मिळत असेल तर आधी त्याला बोलवा. मी नावं देईन, त्यात माझं नुकसान झालं तरी. हुला हवा असेल तर जवळच्या हालाउकडे, म्हणजे हुलाच्या गुरुकुलाकडे जा. बे एरियात, लॉस एंजेलिसकडे, सिॲटलला, लास व्हेगासला ते आहेत. समितीतल्या चार जणींनी यूट्यूब बघून बसवलेला हुला मी वाजवणार नाही. यावरून एका ठिकाणी माझ्याशी अबोला धरला गेला आहे. तो त्यांनी खुशाल धरावा.

तुम्ही म्हणाल, ही बाई सगळ्याला नाहीच म्हणते. तसं नाही. युकुलेलेवर बडबडगीतं वाजवा, भावगीतं वाजवा, मीही वाजवते. वरची तार उलट्या बाजूनं उंच लावलेली असल्यामुळे खर्ज मिळत नाही, मींड तर जवळजवळ नाहीच, पण साध्या चालीला एक हलका तजेला येतो. फक्त त्याला ‘हवाईयन संध्या’ म्हणू नका. इस्राएल कामाकाविवोओले यांचं इंद्रधनुष्याचं गाणंही मी वाजवते. ते प्रत्येक लग्नात मागितलं जातं आणि त्याच्यावरच माझं निम्मं भाडं निघतं, मी कशाला नाक मुरडू? इतकंच, की १९९३ च्या ज्या अल्बममधून ते आलं त्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला हवाईच्या हरवलेल्या भूमीचं एक गाणं आहे. शक्य झालं तर मी आधी ते गाते.

फुकटही वाजवते. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या माउई बेटावरचं लाहाइना गाव जळालं, शंभराच्या आसपास माणसं गेली, तेव्हा इथल्या सगळ्या हवाईयन वादकांनी आठवडेच्या आठवडे मदतनिधीसाठी वाजवलं. मीही होते, आणि कुणी पैशाचं नाव काढलं नाही. तुमच्या मंडळानं काही जणांच्या घरी अडचण आली म्हणून कार्यक्रम ठेवला तर मी येईन, तारा माझ्या. पण सहलीला केटरर पैसे घेतो, तंबूवाला घेतो, फुगेवाला घेतो, मुंबईहून आलेल्या गायकाचं विमानाचं तिकीट तुम्ही काढता, आणि स्थानिक वादकापाशी आलं की कलेची सेवा आठवते, हे काही मला पटत नाही.

आपल्या लोकांचा या संगीताशी जुना संबंध आहे, हे तुमच्या स्मरणिकेत कधी छापून आलेलं मी पाहिलं नाही. ओआहूवरच्या लाइए गावच्या जोसेफ केकुकु या मुलानं शाळेत असताना गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून वाजवण्याची रीत काढली, तीच स्टील गिटार. ती फिरत्या हवाईयन मंडळींबरोबर जगभर गेली. स्टील गिटारवादक ताउ मो आणि त्यांचं कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात राहून वाजवत होतं, शिकवत होतं. सूर सरकवता येतो म्हटल्यावर आपल्या लोकांनी ते वाद्य सोडलंच नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते आलं, गिटारवादक व्हॅन शिप्लींच्या तबकड्यांवरून रेडिओत आलं, ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग वाजवले. एका कार्यक्रमात माझ्याबरोबर स्टील गिटारवर एक हवाईयन काका होते. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले सांगलीचे एक आजोबा खुर्ची ओढत ओढत थेट त्यांच्या पुढ्यात येऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. मग त्यांनी काकांना विचारलं, "ही ‘हवाईन’ तुमच्याकडची होय? आमच्याकडे ऑर्केस्ट्रात असायची!" काकांना मराठी येत नव्हतं, आजोबांना इंग्रजी बेताचं. मी दुभाषी. त्या दिवशी वडे थंड झाले तरी कुणी तक्रार केली नाही.

असा कार्यक्रम करायचा असेल तर माझं म्हणणं ऐका. पाऊण तास द्या, पण त्या पाऊण तासात जेवणाची रांग नको. जेवण आधी उरका किंवा नंतर ठेवा. खुर्च्या मांडा. प्रत्येक गाण्याआधी दोन मिनिटं मी मराठीत सांगेन ते कुणाचं, कशाबद्दल. मुलींना गवत नेसवण्यापेक्षा फुलांच्या माळा करायला बसवा. मोगऱ्याचा लेई, म्हणजे माळ, हवाईत नवरीच्या गळ्यात घालतात, आणि गजरे ओवणारे हात तुमच्या मंडळात भरपूर आहेत. भारतीय दुकानात शुक्रवारी मोगरा येतो, आधी सांगून ठेवावा लागतो. सावली बघून जागा द्या. जुलैत लिव्हरमोरला चाळीसच्या घरात पारा जातो आणि उन्हात वाद्याची घोडी सुटते. ती चिकटवून घ्यायला महिना जातो.

बिदागी वर लिहिली आहे तीच. स्टील गिटार हवी असेल तर त्या काकांची वेगळी, आणि ती माझ्यापेक्षा जास्त आहे, असायलाच हवी. निम्मी रक्कम तारीख ठरताना, उरलेली त्या दिवशी. मंडळाचा चेक चालेल. फोनवरून चार सभासदांनी तुकड्या-तुकड्यांत पाठवलेले पैसे नकोत. मार्चमध्ये कराचे कागद भरताना कोण कुठल्या मंडळाचं ते लागत नाही.

ऑगस्टमधले दोनच शनिवार मोकळे आहेत. गणपतीच्या आठवड्यात मी वाजवत नाही, घरी गौरी असतात.

आपली,
एक युकुलेलेवादक आणि सभासद
(यंदाची वर्गणी भरलेली आहे, पावती खजिनदारांकडे आहे)
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया